तोलणाराची झोप

हौसेराव झोपला की राजेश्वरी ते पान फाडायची.

ही त्यांच्या घरातली लिहिण्याची पद्धत होती, आणि ती समजायला मला जवळजवळ वर्ष गेलं. मी कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहतो. चौतीस वर्षं छापखान्यांतून मुद्रितं तपासली, आता निवृत्त आहे, एकटा आहे, आणि नाकावर राग घेऊन हिंडतो असं वसाहतीत माझ्याबद्दल बोललं जातं. बोलोत. दुपारी तीन वाजले की खालून एका बाईचा वाचण्याचा आवाज यायचा, थोड्या वेळानं घोरणं, आणि मग टर्रकन कागद फाटल्याचा आवाज. मला वाटायचं, बाई नवऱ्याला काहीतरी वाचून दाखवते, तो ऐकत नाही, म्हणून चिडून फाडते. मला तिची दयाच यायची.

खरा प्रकार वेगळाच होता. हौसेराव वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात तोलणार आहे. हमालांनी गोणी काट्यावर चढवली की आकडा मोठ्यानं पुकारायचा आणि लिहून घ्यायचा, हे त्याचं काम. साताऱ्याकडचा माणूस, नववीत शाळा सुटलेली, अंगानं दणकट, बोलणं मोजकं. पहाटे बाहेर पडायचा तो दोनला परत. अंघोळ, जेवण, मग दिवाणावर आडवा. राजेश्वरी शेजारी पाटावर बसून आदल्या दिवशी लिहिलेलं वाचायची. ती बारावी झालेली, लग्न होऊन या वसाहतीत आली आणि पोरं शाळेला जायला लागल्यावर लिहायला लागली. दिवाळी अंकांतून तिच्या नऊ कथा छापून आल्या होत्या, आणि त्या नऊच्या नऊ हौसेरावच्या झोपेतून पार झालेल्या होत्या. जिथं त्याचा डोळा लागला तिथली पानं गेली. जिथं तो जागा राहिला ती राहिली.

"तुला वाईट नाही वाटत?" मी तिला एकदा विचारलं. मला वाटलं असतं.

"कशाला, काका? शिकलेली माणसं छान छान म्हणतात. मला कळतच नाही त्यांना खरंच आवडलं का. ह्यांना झोप येते. झोप काही कुणाच्या भिडेखातर येत नाही."

हे तिनं मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं. मार्केटातही त्याचं नाव तसंच होतं. सव्वीस वर्षं काट्यावर, पण त्यानं पुकारलेला आकडा पुन्हा तपासायला कुणी वाकून बघत नसे. आपला नवरा घरातही तसाच, असं तिचं म्हणणं. आणि आम्ही दोघंही, ती आणि मी, तिथंच फसलो.

तिची पहिली कादंबरी तीन प्रकाशकांकडून परत आली. एकानं चिठ्ठी लिहिली, दोघांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. ती कादंबरी माळ्यावर गेली. संक्रांतीच्या दिवशी मी तिळगूळ घ्यायला खाली गेलो तेव्हा राजेश्वरीनं नवी वही काढलेली होती. माझ्या हातावर लाडू ठेवून ती म्हणाली, "काका, ही शेवटची. हीसुद्धा परत आली की मी पुन्हा वहीला हात लावणार नाही. महाप्याला शिवणकामाचं युनिट आहे, तिथं जाईन. दुपारभर घरात बसून कागद काळे करायचे आणि घरातल्या माणसाच्या झोपेचं खोबरं करायचं, पुरे झालं आता."

हौसेराव दिवाणावर बसला होता. त्याच्या तोंडात तिळगूळ होता. त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मी हसण्यावारी नेलं. लिहिणारी माणसं असं वर्षातून दोनदा म्हणतात.

दुसऱ्या दिवसापासून खालून घोरणं ऐकू येईना.

आठवडा गेला, महिना गेला. तीन वाजता वाचन सुरू व्हायचं ते चारपर्यंत सलग चालायचं. कागद फाटत नव्हता. राजेश्वरी लिहीत सुटली होती. लिहून झालेलं मी माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर टाइप करत होतो, त्यामुळे कादंबरी मलाही कळत होती. मीना नावाची बाई लग्न होऊन एका तालुक्याच्या बाजारपेठेत येते आणि हमालांसाठी खानावळ काढते. सासू विरोधात, पेठेतले लोक विरोधात, फक्त नवरा विलास तिच्या बाजूचा. सुरुवात अशी की वाचताना चहा गार झाला. पण मध्ये कुठंतरी माझा हात जड व्हायला लागला. टाइप करता करता मी दोनदा खिडकीशी जाऊन उभा राहिलो, एकदा चक्क नखं कापत बसलो. आणि तरीही मी तिला काही बोललो नाही. का? तर खाली हौसेराव झोपत नव्हता. चौतीस वर्षांच्या माझ्या नजरेपेक्षा मी त्या माणसाच्या झोपेवर जास्त विश्वास ठेवला. मला वाटलं, माझंच वय झालं.

गणपतीनंतर कादंबरी पुरी झाली. ठाण्याच्या एका लहान प्रकाशनात ऋताबाई म्हणून संपादक आहेत, माझ्या जुन्या ओळखीच्या. मीच त्यांना फोन करून सांगितलं, "वाचाच. हिचा नवरा आठ महिन्यांत एकदाही झोपला नाही." त्यांना ते कळलं नसावं. त्या हसल्या.

नोव्हेंबरच्या एकोणीस तारखेला त्यांचं पत्र माझ्या मेलवर आलं. मी छापून घेतलं आणि खाली जाताना प्रत्येक पायरीवर थांबलो. त्यात लिहिलं होतं की सुरुवात आणि शेवट उत्तम आहेत, पण मधली शंभर पानं जागची हलत नाहीत. नेमकं काय बिघडलंय ते मला सांगता येत नाही, लेखिकेलाच शोधावं लागेल. तीस तारखेपर्यंत दुरुस्त प्रत कागदावर मिळाली तर पुढच्या वर्षीच्या यादीत घेता येईल. नंतर माझ्या हातात काही नाही.

राजेश्वरीनं गॅस बंद केला आणि उभ्यानंच वाचलं. "कळलं," म्हणाली. पुन्हा गॅस पेटवला आणि भाजी परतायला लागली. हौसेराव दाराशी चप्पल काढत होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि एक चप्पल पायात तशीच ठेवून उभा राहिला.

"अकरा दिवस आहेत," मी म्हणालो.

"काका, कुठली शंभर पानं? मला एकही सैल वाटत नाही. ह्यांनाही वाटली नाहीत. मग मी शोधू काय?" तिचा आवाज शांत होता, आणि तेच मला आवडलं नाही. "संक्रांतीला बोलले होते, तसं करते."

दुसऱ्या दिवशी दुपारी वाचनाच्या वेळेला माझं दार वाजलं. हौसेराव. सहा वर्षांत हा माणूस पहिल्यांदा माझ्या खोलीत आला होता. खुर्ची दिली तर भिंतीला टेकून जमिनीवर बसला.

"काका, तिनं युनिटात फोन केला. एक तारखेपासनं जाणार म्हनती. वह्या सुतळीनं बांदून दाराशी ठेवल्यात, रद्दीवाल्यासाटी."

"मग समजाव तिला."

"कसा समजावू? दोष माजा हाय." त्यानं शर्टाच्या खिशात हात घातला आणि मूठ माझ्यापुढं उघडली. मुठीत चार-पाच लवंगी मिरच्या होत्या. "डोळा लागाय लागला की दाढंखाली धरायचो. संक्रांतीपासनं."

मला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर मात्र माझं डोकंच फिरलं. "अरे म्हणजे तू जागा नव्हतास?"

"जागा हुतो. पर मिरचीनं जागा ठेवला हुता. ती म्हनली ना, परत आली तर वही सोडनार. मला वाटलं, म्या झोपलो तर ती आदीच सोडंल. पुरी तरी होऊ दे म्हनलं. येकदा पुरी झाली की छापतीलच. आता मला काय ठावं पुस्तकाचं? मला वाटलं, पानं जास्त झाली की चांगलंच आसंल." त्यानं मूठ मिटली. "सव्वीस वर्सं काट्यावर हाय, काका. कुनाचा येक कांदा हिकडचा तिकडं केला न्हाई. आन घरात ह्ये केलं."

मी त्याला नको नको ते बोललो. मूर्खा, म्हणालो. तिचा जो एकमेव भरवशाचा माणूस होता तोच तू तिच्याकडून काढून घेतलास, म्हणालो. तो ऐकत राहिला. मला माझ्या स्वतःच्या गप्प बसण्याचाही राग येत होता आणि तो सगळा मी त्याच्यावरच काढला, हे आता कबूल करतो. शेवटी म्हणालो, "आत्ताच्या आत्ता खाली जा आणि तिला सांग."

"तुमी चला," तो म्हणाला. गोणी उचलणाऱ्या हमालांवर आवाज टाकणारा माणूस, त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

राजेश्वरी कपड्यांच्या घड्या घालत होती. त्यानं उभ्यानंच सांगितलं, मिरच्या दाखवल्या. ती घडी घालायची थांबली.

"कधीपासून?"

"संक्रांतीपासनं."

"म्हणजे सगळी कादंबरी."

"सगळी न्हाई. काई काई ठिकानी खरंच जागा हुतो."

"कुठल्या?"

त्यानं हातातल्या मिरच्यांकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग तिचा तोल सुटला. "त्या ठाण्याच्या बाईनं मला आयुष्यात पाहिलं नाही, तिनं मला खरं सांगितलं. आणि तुम्ही रोज समोर बसून, माझ्या तोंडावर... काका, ह्यांना विचारा, मी ह्यांच्याकडे कधी कौतुक मागितलं होतं का? कधी? झोपा म्हणत होते मी. झोपा! तेवढं एक तर मागत होते." तिनं हातातली घडी तशीच टाकली आणि मोरीचं दार लावून घेतलं. आत नळ सोडल्याचा आवाज आला.

त्यानंतर ती त्याच्याशी बोलेना. जेवण वाढायची, डबा भरायची, कपडे धुवायची, पण तोंडातून शब्द नाही. एकवीस तारीख गेली, बावीस गेली, तेवीस गेली. वह्या दाराशी तशाच. रद्दीवाल्याची घंटा गल्लीत वाजली की मी जिन्याशी जाऊन उभा राहायचो. एकदा तर मी जिन्यातून धावत उतरलो, आणि पाहतो तो हौसेराव दारात त्या गठ्ठ्यावर बसलेला. रद्दीवाला त्याच्याकडे बघत पुढं निघून गेला. राजेश्वरी आतून हे सगळं पाहत होती. 

रविवारी मार्केटला सुट्टी. हौसेराव सकाळीच माझ्याकडे आला. "काका, मला वाचून ध्येनात राहत न्हाई. पर ऐकल्यालं राहतं. रोज चारशे गोण्यांचं आकडं ध्येनात ठेवतो म्या. मला वाटतं, म्या तिला तिची गोष्ट सांगतो. जिथलं मला आठवंल तिथं जागा हुतो. न्हाई आठवली तिथं मिरची हुती."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. माझ्या चौतीस वर्षांत असला उपाय मला सुचला नसता.

ती ऐकायला तयार नव्हती. त्यानं तिला विचारलंच नाही. ती पाटावर बसून मेथी निवडत होती, तो दिवाणावर बसला आणि भिंतीकडे बघत सुरू झाला. "मीना एसटीतनं उतरली तवा तिच्या हातात पितळंचा डबा हुता. डब्यात काय हाय त्ये सासूनं इचारलं न्हाई, पर सारखी डब्याकडं बगत हुती." मीनानं पहिल्या दिवशी किती भाकऱ्या केल्या, नळावर कुणाशी भांडण झालं, सासूनं स्टोव्हची पिन कुठं लपवली, हमालांमधला तो तोतरा पहिला घास घेतल्यावर काय म्हणाला. तोतऱ्याचं बोलणं त्यानं तसंच करून दाखवलं. दिवसातून दोन वाक्यं बोलणारा माणूस अर्धा तास बोलत होता. मेथी निवडणारे हात हळू झाले, मग थांबले. राजेश्वरी उठली, दाराशी जाऊन गठ्ठ्याची सुतळी सोडली आणि वह्या घेऊन बसली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "काका, पेन्सिल द्या."

"मंग सासू परसात गेली," हौसेराव म्हणाला, आणि थांबला. "मंग... मंग काय तरी झालं. त्याच्यापुढं एकदम सासू आजारीच पडली."

राजेश्वरीनं पानं उलटली. मध्ये नऊ पानं होती. तिनं पेन्सिलीनं उभी रेघ मारली.

असं चालू राहिलं. तो जिथं अडायचा तिथं ती रेघ मारायची. तिच्या तोंडावर काहीच दिसत नव्हतं, आणि माझा जीव टांगणीला लागला होता, कारण रेघा वाढत चालल्या होत्या आणि दिवस सहा उरले होते. पाचव्या की सहाव्या रेघेनंतर ती थांबली. मागं गेली, पहिली रेघ पाहिली, दुसरी पाहिली, तिसरी. पानांवरून तिचं बोट भराभर फिरायला लागलं.

"ह्या सगळ्या ठिकाणी विलास आहे," ती म्हणाली. चार दिवसांत त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. "अहो, विलास आला की तुम्ही गप्प होता."

हौसेराव अवघडला. "आता राग मानू नगंस. पर त्यो बाबा आला की मला लई झोप यायची. मिरची बी लागू व्हायची न्हाई. कायम आपला चांगलाच. कदी चिडत न्हाई, कदी चुकत न्हाई, बायको काय बी म्हनली की ह्यो आपला डोक्यावर हात ठेवून उबा. असला मानूस म्या तरी कुटं बगितला न्हाई."

राजेश्वरीनं वही मिटली. मग हळूच म्हणाली, "अहो, ते तुम्ही होता."

हौसेरावनं भिंतीकडची नजर काढली. "म्या?"

"मग दुसरं कोण?" आणि ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि तो तिच्यासमोर हात लोंबकळत सोडून बसला. "पुन्यांदा तुज्याशी खोटं बोलनार न्हाई," एवढंच म्हणाला. मी खिडकीतून बाहेर बघत होतो. माझे डोळे भरले होते, आणि तसं सांगायला मला लाज वाटत नाही.

पुढचे दोन दिवस तिनं नुसती कात्री चालवली. शंभरातली साठ पानं गेली. उरलेल्यांत विलासला माणूस करायचं होतं, आणि तिथं ती अडली. मग सव्वीस तारखेला तिनं हौसेरावला समोर बसवलं. मी टाइप केलेली पानं द्यायला गेलो होतो, मला थांबायला सांगितलं.

"विलासलाही मी तोलणारच केलंय," ती म्हणाली. "मीनाच्या खानावळीला जागा हवी आहे. व्यापारी म्हणतो, देतो, पण शेतकऱ्याच्या मालाचं वजन कमी भरलं पाहिजे. आणि विलास बायकोसाठी ते करतो. आयुष्यात एकदाच. तिला कळू देत नाही. तिला वाटतं जागा आपल्या कष्टानं मिळाली." ती थांबली. "कसं करतात ते मला ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊक आहे. आणि पुस्तक आलं की लोक म्हणतील, हिचा नवरा तोलणार, म्हणजे हे त्याचंच. तुम्ही नको म्हणालात तर नाही लिहिणार. मग काही सुचो वा न सुचो."

हौसेराव उठला आणि चप्पल घालून निघून गेला.

तिची मागणी योग्य होती की नाही, मला आजही सांगता येत नाही. त्या दिवशी तरी मला तिचा राग आला. दिवाळी अंकात तिची कथा आली की मार्केटातले लोक अंक विकत घेऊन वाचायचे, वहिनींची गोष्ट म्हणून एकमेकांना दाखवायचे. त्या लोकांनी आता हे वाचायचं? सत्तावीस तारखेला सकाळी हौसेरावनं काट्यावर एक आकडा चुकीचा पुकारला. सव्वीस वर्षांतला पहिला. गोणी पुन्हा चढवावी लागली आणि सगळे हसले. हे त्यानंच मला दुपारी जिन्यात सांगितलं. मग म्हणाला, "चला खाली."

स्वयंपाकघरात तांदळाचं अर्धं पोतं होतं. ते त्यानं उचलून स्टुलावर ठेवलं. राजेश्वरी दारात उभी होती.

"गावाकडं म्या ल्हान असताना गुळाच्या काट्यावर येकाला करताना बगितला हुता," तो म्हणाला. "बग. हात दोनी वर, सगळ्यांस्नी दिसत्यात. तोंड आकड्याकडं. आन गुडगा हितं, कोपऱ्याखाली. जरासाच उचलायचा, म्हंजी आकडा खाली येतो. वरनं दिसत न्हाई." त्याचा गुडघा पोत्याखाली गेला. तांदूळ आत सरकल्याचा आवाज आला.  "त्यो शेतकरी समूर उबा आसतो. त्याच्याकडं बगायचं न्हाई. ह्ये लिही. बगायचं न्हाई म्हनून."

राजेश्वरी लिहीत होती. तिनंही मान वर केली नाही.

दोन दिवस घरात स्वयंपाक हौसेरावनं केला. पिठलं आणि भात, दोन्ही वेळा. ती लिहायची, मी वर नेऊन टाइप करायचो, बोटं सुजली. एकोणतीसच्या दुपारी तिनं नवा भाग वाचून दाखवला. हौसेराव दिवाणावर आडवा झालाच नाही, पाय खाली सोडून बसला होता. मीनाला खरं कळतं आणि ती चार दिवस विलासशी बोलत नाही, असं आलं तेव्हा तो म्हणाला, "चार न्हाई, पावनेचार." वाचून संपल्यावर त्यानं चेहऱ्यावरून पंचा फिरवला. "धाडा," म्हणाला.

तीस तारखेला राजेश्वरीला ताप भरला. ठाण्याच्या बसमध्ये आम्ही दोघंच चढलो. चारशे पानांचा गठ्ठा त्यानं पूर्ण वेळ मांडीवर धरून ठेवला, मला हात लावू दिला नाही.

ऋताबाईंनी बदललेला भाग आमच्यासमोरच काढला. अर्धा तास त्या वाचत होत्या आणि आम्ही समोरच्या बाकावर शाळेतल्या पोरांसारखे बसलो होतो. मधूनमधून त्या मान हलवत होत्या आणि माझ्या जिवात जीव येत होता. मग त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि पेन्सिल उचलली.

"आता कादंबरी हलते," त्या मला म्हणाल्या. "पण हे गोणीचं मला पटत नाही. इतका सरळ माणूस बायकोसाठी असं करेल? जरा ओढून आणल्यासारखं वाटतं. वाचक म्हणेल, लेखिकेला धक्का द्यायचा होता म्हणून दिला. हे प्रकरण काढलं तर कसं होईल?"

 ते प्रकरण गेलं की विलास पुन्हा होता तिथंच. मी काहीतरी बोलायला लागलो, लेखनाबद्दल, पात्राबद्दल, आणि ते सगळं पोकळ वाटत होतं. पेन्सिल पानावर टेकलेली होती.

"पटंल, बाई," हौसेराव म्हणाला.

ऋताबाईंनी वर पाहिलं. तो कोण आहे हे मी आल्या आल्या सांगितलं होतं, पण तोवर त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं नव्हतं.

"म्या तोलनार हाय. म्या लावलाय गुडगा. बायकोपायी." त्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले होते आणि तो सरळ त्यांच्याकडे बघत होता. "सरळ मानूसच लावतो. वाकड्याला त्यासाटी बायको कशाला पायजे?"

 ऋताबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "राहू दे," त्या म्हणाल्या. "आहे तसंच राहू दे."

रस्त्यावर येईपर्यंत मी स्वतःला आवरलं. बस स्टॉपच्या बाकावर बसल्यावर मात्र माझा संयम सुटला. "हौसेराव, तू कधी लावलास गुडघा? कुठं? अरे, दहा दिवसांपूर्वी तू माझ्या खोलीत बसून रडकुंडीला आला होतास खोटं वागलो म्हणून. आणि आज पुन्हा तेच? ती बाई आता सगळ्यांना सांगेल. सव्वीस वर्षांचं नाव एका वाक्यात घालवलंस. राजेश्वरीला कळलं तर ती काय म्हणेल?"

"तिला सांगू नगा," तो म्हणाला. "तिच्याशी खोटं बोलनार न्हाई म्हनून शब्द दिलाय. त्या बाईला न्हाई दिला."

"आणि तुझं नाव?"

त्यानं रस्त्याच्या टोकाकडे पाहिलं. "नाव माजं हाय, काका. कुटं घालवायचं त्ये म्या बगतो." मग उठून उभा राहिला आणि मला हात दिला. "चला, बस आली."